मधला पूल गेला तेव्हा: एका लोकल स्टेशनचं प्रकरण

ठाण्याच्या पुढे मध्य रेल्वेवर एक स्टेशन आहे. नाव सांगत नाही. पालिका, अधिकारी, दुकानदार यांचीही नावं गाळली आहेत आणि ओळखीच्या दोन-चार खुणा मुद्दाम बदलल्या आहेत. तरीही त्या लाइनीवर रोज लटकणाऱ्यांपैकी काहींना ते ओळखू येईलच. त्यांनी मनात ठेवावं.

मी वास्तुरचनाकार, काम बहुतेक नगररचनेचं. ‘स्टेशन परिसर सुधारणा’ अशा भारदस्त नावाच्या कामासाठी पालिकेनं सल्लागार गट नेमला, त्यात मी होते. बैठका खूप झाल्या, रंगीत चित्रंही पुष्कळ झाली. खरा वाद मात्र एवढाच होता की लोकलमधून उतरलेल्या माणसाचं पाऊल रस्त्याला नेमकं कुठे लागावं.

पार्श्वभूमी

स्टेशनच्या पश्चिमेला जुनं गाव. देवळापासून निघालेली बाजाराची गल्ली थेट रेल्वेच्या भिंतीला येऊन टेकते. पूर्वेला पूर्वी शेतं होती. नव्वदच्या दशकापासून तिथे चार मजली इमारती आल्या, मग सात मजली, आता टॉवर. म्हणजे घरं पूर्वेला जास्त, बाजार पश्चिमेला, आणि मधे रूळ. फार पूर्वी फाटक होतं. ते बंद झाल्यावर दोन्ही बाजूंना जोडणारा उरला तो मधला पूल.

मधला पूल अरुंद, पावसात गळणारा, संध्याकाळी खांद्याला खांदा घासावा लागणारा. त्याचं कौतुक करावं असं त्यात काही नव्हतं. फक्त त्याचा पश्चिमेचा जिना बाजारगल्लीच्या तोंडाशी उतरायचा. शेवटच्या पायरीलगत गजरेवाली, मग चपला शिवणारा, मग निवडलेली भाजी पिशव्यांत भरून विकणाऱ्या दोघी, समोर वडापाव, त्याला लागून पोळी-भाजी केंद्र. लेडीज डब्यात मटार सोलत आलेली बाई इथे कोथिंबीर घेऊन पुढे जायची. फलाट एक पश्चिमेच्या भिंतीला लागून आहे आणि मुंबईहून येणाऱ्या धीम्या गाड्या त्यावरच लागतात. जिन्याच्या पायथ्याशी फलाटावरून सरळ बाहेर पडायला एक दार होतं. संध्याकाळी घरी येणाऱ्या पश्चिमेच्या माणसाला एकही पायरी चढावी लागत नसे.

बारा डब्यांची लोकल सुमारे 260 मीटर लांब असते. आपल्या स्टेशनात पूल कुठल्या डब्यासमोर येतो हे रोजच्या प्रवाशाला बोटावर पाठ असतं. तो दादरला किंवा ठाण्याला चढतानाच त्या डब्यापाशी उभा राहतो. या स्टेशनचा डबा होता मधला. बायकांसाठी मधला लेडीज. इतक्या वर्षांत गल्लीतल्या कोणत्या दुकानाचं भाडं किती, हेसुद्धा त्या मधल्या डब्यानं ठरवलं होतं.

मग 29 सप्टेंबर 2017 आला. एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या (आताच्या प्रभादेवीच्या) पुलावर चेंगराचेंगरीत 23 माणसं गेली. पुढच्या जुलैत अंधेरीच्या गोखले पुलाचा पादचारी भाग रुळांवर कोसळला, 2019 च्या मार्चमध्ये सीएसएमटीजवळचा हिमालय पूल. रेल्वेनं जुने पूल तपासायला घेतले आणि आमचा मधला पूल ‘धोकादायक’च्या यादीत गेला. योग्यच झालं. त्या पुलाबद्दल हळहळणाऱ्यांनी त्याच्या गंजलेल्या तुळया खालून पाहिल्या नव्हत्या.

नवा पूल फलाटाच्या कल्याणकडच्या टोकाला बांधला गेला. भरपूर रुंद, सरकता जिना, वरच तिकीट खिडकी. तो तिथेच का, याला कारण होतं: त्या टोकाला रेल्वेची मोकळी जागा होती, आणि वरून जाणारा स्कायवॉक, म्हणजे रस्त्याच्या वरून नेलेली पादचारी वाट, तयार होता. 2008 साली एमएमआरडीएनं (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणानं) वांद्रे पूर्व ते कलानगर हा पहिला स्कायवॉक उघडला आणि मग महानगर प्रदेशातल्या स्टेशनाबाहेर ते एकामागून एक उभे राहिले. आमच्याकडचा स्कायवॉक बाजारगल्लीच्या डोक्यावरून जाऊन मोठ्या रस्त्यावरच्या बस स्टॉपजवळ उतरतो. गल्लीत उतरायला त्याला जिनाच नाही. चौकशी केली तेव्हा कळलं की मूळ आराखड्यात जिना होता, पण दुकानासमोर खांब नकोत म्हणून तेव्हाच्या दुकानदारांनी सह्यांची मोहीम काढून तो रद्द करवला होता. त्या निवेदनावरच्या काही सह्या पुढे आमच्याकडे आलेल्या ‘जिना द्या’ या निवेदनावरही सापडल्या. मी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले आहेत.

अडचण

मधला पूल पाडताना त्याच्या पायथ्याचं दारही भिंत घालून बंद झालं. हा निर्णय कुणी घेतला ते कोणत्याच कागदावर मिळालं नाही. नकाशात दार पुलाचा भाग म्हणून दाखवलेलं होतं. पूल गेला, दार गेलं. ठेकेदारानं नकाशाप्रमाणे काम केलं.

परिणाम असा की फलाट एकवर उतरलेला माणूस, ज्याला चढायची गरजच नव्हती, तोही आता फलाटाच्या टोकापर्यंत चालतो, वर चढतो, स्कायवॉकनं गल्लीच्या डोक्यावरून जातो आणि बाजार मागे टाकून मोठ्या रस्त्यावर उतरतो. रुळांवर 25 हजार व्होल्टच्या तारा असल्यानं पूल साडेसहा मीटरच्या वर न्यावाच लागतो. म्हणजे चाळीसच्या वर पायऱ्या. उतरल्यावर समोर शेअर रिक्षा उभीच. पाठीवर बॅग, हातात डबा, अशा अवस्थेत दोन जुड्या मेथीसाठी कोण मागे फिरतो?

पूर्वेच्या लोकांची अडचण निराळी. ते प्रवासी म्हणून नव्हे, बाजाराला म्हणून पूल ओलांडायचे. त्यांना आता टोकापर्यंत वळसा पडू लागला. काहींनी पूर्वेलाच सोय बघितली, काहींनी मोबाइलवर भाजी मागवली, आणि काहींनी सरळ रूळ ओलांडायला सुरुवात केली. पश्चिमेच्या भिंतीला भगदाड पडलं. रेल्वेनं ते बुजवलं. आठवड्यात पुन्हा पडलं, दोन हात अलीकडे. बरोबर गल्लीच्या समोर. आमच्या गटातला सर्वांत तरुण मुलगा म्हणाला, "मॅडम, सर्व्हे कशाला करतोय आपण? लोकांनी भिंतीवर खूण करून ठेवलीये."

आता खरी गोम. पूल गेला आणि काही महिन्यांत, मार्च 2020 मध्ये, लोकलच बंद झाली. आधी फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी सुरू झाली, 1 फेब्रुवारी 2021 पासून ठरावीक वेळात सर्वांसाठी, एप्रिलमध्ये पुन्हा बंद, आणि 15 ऑगस्टपासून दोन डोस घेतलेल्यांसाठी. या काळात बाजार बसला तो पुलामुळे की कोविडमुळे? दुकानदार छातीठोकपणे सांगायचे, पुलामुळे. पालिकेचे अभियंता तितक्याच ठामपणे सांगायचे, कोविडमुळे. लोकल नीट सुरू झाली की सगळं पूर्ववत होईल. मी कुणाच्याच बाजूनं शपथ घेऊ शकत नव्हते. पूल पाडण्याआधी संध्याकाळी गल्लीतून किती माणसं जात होती, हे कुणीच मोजलं नव्हतं.

म्हणून आम्ही दुसरी वाट धरली. गाव तेच, कोविड तोच, पण मोठ्या रस्त्याला लागून, स्कायवॉकच्या जिन्यापाशी, दुकानांची एक छोटी रांग होती. पूर्वी तिला कुणी विचारत नसे. लोकल सुरळीत झाल्यावर ती रांग भरू लागली आणि गल्ली रिकामीच राहिली. संध्याकाळचे सलग काही दिवस दोन्हीकडे उभं राहून मोजलं, तेव्हा फरक डोळ्यांना दिसत होता तसाच कागदावर उतरला. वर्दळ संपली नव्हती, जिन्याबरोबर हलली होती. पण नव्या जागी ती नुसती वाहत होती. तिथे थांबायला जागा नव्हती, सावली नव्हती, एका बाजूला भरधाव गाड्या आणि दुसरीकडे रिक्षांची दुहेरी रांग. माणसं भरपूर आणि रस्ता उदास, हे दृश्य मी तिथे पाहिलं.

कोणते पर्याय समोर होते

पहिला पर्याय पालिकेतल्या एका वरिष्ठांचा: स्टेशनच्या डोक्यावर डेक, म्हणजे रुळांवरून सपाट मजला, टाकून तिथेच दुकानं काढायची. सीवूड्सचं उदाहरण त्यांच्या तोंडी होतं. तिथे स्टेशनवर मॉल उभा आहे आणि चालतोही. मी नवी मुंबईचं दुसरं उदाहरण दिलं. 1992 मध्ये वाशीपर्यंत लोकल गेली, त्या सगळ्या मार्गाचा 67 टक्के खर्च सिडकोनं (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळानं) उचलला आणि 33 टक्के रेल्वेनं. स्टेशनबाहेरचं पटांगण, भुयारी वाट, वरच्या कचेऱ्या, रिक्षाची जागा हे तिथे एकाच हातानं आखता आलं, कारण जमीन सिडकोच्या ताब्यात होती. आमच्याकडे भिंतीच्या आत रेल्वे, भिंतीबाहेरची एक पट्टीही रेल्वेची, मग एक गटार जे नेमकं कुणाचं यावर दोन पत्रव्यवहार झालेले, आणि मग पालिकेचा रस्ता. शिवाय मॉल वर गेला की उरलासुरला ग्राहकही वरच राहील. पैसेही नव्हतेच. हा पर्याय दोन बैठकांत मावळला.

दुसरा पर्याय: गल्लीतल्या विक्रेत्यांना पालिकेच्या रिकाम्या मंडई इमारतीत नेणं. इमारत बांधून झालेली, पहिला मजला ओसाड. दादरच्या फेरीवाला प्लाझाचा अनुभव मुंबईत सर्वांना ठाऊक आहे: मेथीच्या जुडीसाठी जिना चढणारं गिऱ्हाईक मिळत नाही. हा पर्याय मी अहवालात एका परिच्छेदात संपवला. आजही त्याबद्दल मला पश्चात्ताप नाही.

तिसरा: स्कायवॉकला गल्लीच्या तोंडाशी जिना जोडणं. पूर्वेच्या लोकांना याचा खरा उपयोग. जागा अरुंद, म्हणून जिना दोन वळणांचा करावा लागणार आणि लिफ्टसाठी खड्डा वेगळा.

चौथा सर्वांत स्वस्त: भिंतीतलं दार पुन्हा उघडायचं. संध्याकाळच्या पश्चिमेकडच्या गर्दीला याहून काही लागतच नव्हतं. सकाळी मुंबईकडे जाणारी गाडी दुसऱ्या फलाटावर लागते, त्यामुळे सकाळी चढणं आहेच. पण सकाळी कोण बाजार करतो? बाजाराची वेळ संध्याकाळची आणि संध्याकाळची गाडी भिंतीला लागून. इतकं सोपं गणित आमच्या ध्यानात यायला तीन महिने लागले, कारण आम्ही ‘प्रवाशांची दैनिक संख्या’ असा एकच आकडा घेऊन बसलो होतो. तो कोणत्या दिशेला, कोणत्या वेळी चालतो हे नकाशावर मांडलं तेव्हा चौथा पर्याय आपोआप वर आला.

रेल्वेचे आक्षेप पोकळ नव्हते. आणखी एक दार म्हणजे तिकीट तपासनीस आणखी एक. एकाच वेळी दोन गाड्या आल्या तर दाराशी रेटारेटी. एल्फिन्स्टननंतर हा प्रश्न कुणीही हसण्यावारी नेऊ शकत नव्हतं.

अनपेक्षित विरोध

दाराची बातमी बाहेर गेली आणि दुकानदार खूश झाले. फेरीवाल्या बायका मात्र हादरल्या. मला आधी कळेचना. गर्दी परत आली तर सर्वांत जास्त फायदा त्यांचाच होता.

कारण एका आकड्यात होतं. मुंबई उच्च न्यायालयानं नोव्हेंबर 2017 मध्ये रेल्वे स्टेशनपासून 150 मीटरच्या आत फेरीवाले नकोत असा निर्णय दिला. मुंबईत त्यासाठी रस्त्यावर पट्टे मारले गेले, आणि मुंबईबाहेरच्या पालिकांनीही तो आकडा धरला. आमच्या पालिकेनं मोजताना टेप स्टेशनच्या प्रवेशद्वाराला लावली. जुनं दार बंद झाल्यावर प्रवेशद्वार म्हणजे कल्याणच्या टोकाचा जिना. त्यामुळे गल्लीचा मोठा भाग आपसूक 150 मीटरच्या बाहेर गेला होता. धंदा निम्म्यावर आलेला, पण गाडी (पालिकेची, उचलून नेणारी) येत नव्हती. दार उघडलं की टेप दाराला लागणार आणि अख्खी गल्ली आत येणार.

एक मावशी मला म्हणाल्या, "मॅडम, गिऱ्हाईक नसलं तर दिवस वाईट जातो. गाडी आली तर महिना वाईट जातो. तुम्हीच सांगा काय निवडू."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर 2014 च्या पथविक्रेता कायद्यात उत्तराची सोय आहे: आधी सर्वेक्षण, नगर पथविक्रेता समिती, तीत 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे आणि त्यातल्या एक तृतीयांश स्त्रिया, आणि जुन्या ‘नैसर्गिक बाजारा’ची, म्हणजे विक्रेते आणि गिऱ्हाईक वर्षानुवर्षं जमत आलेल्या जागेची, दखल. ही गल्ली नैसर्गिक बाजार नसेल तर कुठलीच नसेल. पण समितीची बैठक लागली नव्हती आणि सर्वेक्षणाची फाइल फिरत होती.

हा पहिला मोठा निर्णयाचा क्षण. विक्रेत्यांचा प्रश्न सुटेपर्यंत दार थांबवायचं, की दार उघडून पुढचं पुढे बघायचं? गटात दोन मतं होती. मी दार उघडण्याच्या बाजूनं होते आणि माझं मत चाललं. पण एक अट घालून घेतली: दार आधी प्रायोगिक, फक्त संध्याकाळी, आणि प्रयोगाच्या काळात पालिका दाराला ‘प्रवेशद्वार’ म्हणणार नाही, कागदावर ते ‘तात्पुरता निर्गम’, म्हणजे फक्त बाहेर पडायची वाट. शब्दांचा खेळ होता, मान्य आहे. टेप मात्र जागची हलली नाही.

प्रत्यक्षात काय केलं

पहिल्या संध्याकाळी दार उघडलं. चार आठवड्यांसाठी, पाच ते दहा. रेल्वेचा एक तपासनीस, आरपीएफचा (रेल्वे सुरक्षा दलाचा) एक जवान, आमची दोन मुलं मोजायला. पहिले दोन दिवस लोकांचा विश्वासच बसेना. दारासमोरून चालत टोकाकडे जात होते. तिसऱ्या दिवशी मधला डबा पुन्हा भरून आला. बातमी कशी पसरली कोण जाणे. आम्ही फलक लावला होता, पण तो वाचणारा एकही माणूस मी पाहिला नाही.

चौथ्या दिवशी शेअर रिक्षा तिथे आल्या. हे आम्हाला सुचायला हवं होतं. गर्दी जिथे उतरते तिथे रिक्षा येणारच, त्यांचं पोट त्यावर आहे. गल्लीचं तोंड तुंबलं, एका म्हाताऱ्या गृहस्थांना धक्का लागला, आणि दार बंद करा म्हणून दुकानदारच ओरडू लागले. दुसरा निर्णयाचा क्षण हा. वाहतूक पोलिसांनी सुचवलं की दार आठवडाभर बंद ठेवावं. आम्ही रात्रीतून गल्लीच्या तोंडाशी लोखंडी बुटके खांब रोवले, माणूस आणि हातगाडी जाईल पण रिक्षा वळणार नाही एवढ्या अंतरानं, आणि रिक्षा युनियनच्या पुढाऱ्याबरोबर बसून स्टँड शेजारच्या गल्लीत ठरवला. तो म्हणाला, "ताई, उतारू आम्हाला दिसला पाहिजे आणि आम्ही उतारूला. बाकी कुठेही उभं करा." म्हणून कोपऱ्यावरची पालिकेची मोडकी टपरी काढली. आता दारातून बाहेर पडलं की डावीकडे रिक्षांची रांग दिसते. स्टँडला वेगळा फलक लागला नाही.

प्रयोग वाढत वाढत कायम झाला. मग बांधकाम. दारापाशी रेल्वेनं आपल्या पट्टीतली जागा सोडली, पालिकेनं गटारावर झाकण टाकलं (कुणाचं हे न ठरवताच, दोन्ही अभियंत्यांनी समजूतदारपणा दाखवला) आणि दारासमोर एक छोटं पटांगण झालं. पदपथासाठी भारतीय रस्ता परिषदेचं मानक किमान 1.8 मीटर विनाअडथळा रुंदीचं आहे. गल्लीत तेवढं दोन्ही बाजूंना निघणं अशक्य होतं. मग पदपथाचा नाद सोडला आणि पूर्ण गल्ली एका पातळीत फरसबंद केली. दुकानाच्या उंबऱ्यापासून समोरच्या उंबऱ्यापर्यंत कुठेही पायरी नाही.

माझ्या मते या सगळ्या कामातली सर्वांत कमी खर्चाची आणि सर्वांत उपयोगी गोष्ट वेगळीच आहे. दाराच्या दोन्ही बाजूंची आंधळी भिंत काढून तिथे लोखंडी जाळी लावली आणि फलाटावरचा इंडिकेटर गल्लीतून दिसेल असा वळवून घेतला. गाडीला सहा मिनिटं आहेत हे दिसलं की माणूस चहा घेतो, पेरू कापून घेतो, चप्पल शिवायला देतो. ते दिसत नसलं की तो धावत सुटतो, आणि धावणारा माणूस काही विकत घेत नाही. उलट बाजूनं, फलाटावर रात्री दहाला उभ्या असलेल्या मुलीला जाळीतून दिवे लागलेली गल्ली दिसते. पूर्वी तिला भिंत दिसायची.

पुण्यात मेट्रोची डेक्कन आणि संभाजी उद्यान ही स्थानकं पगडीच्या आकाराची केली, तेव्हा वर्तमानपत्रांत छपरांचे फोटो आले. आमच्याकडेही एका चित्रात प्रवेशाला गावच्या देवळासारखी कमान होती. ती पैशाअभावी गळाली. मला त्या छपरांविषयी आकस नाही, पण मुठेकाठच्या स्थानकातून पेठेत चालत कसं जायचं, हा प्रश्न मला पगडीपेक्षा जास्त खुणावतो.

स्कायवॉकचा जिना दोन वर्षं उशिरा झाला. लिफ्टचा खड्डा खणला आहे.

निष्पत्ती

गल्ली परत भरली. पोळी-भाजी केंद्र पूर्वीच्याच बाईंनी पुन्हा सुरू केलं. भगदाड बुजवलं ते नंतर पडलं नाही. जिना होईपर्यंत पूर्वेचे काही लोक रूळ ओलांडत राहिले, जिना झाल्यावर ते प्रमाण डोळ्यांना दिसेल इतकं कमी झालं. स्कायवॉकचा पुढचा, मोठ्या रस्त्याकडचा भाग मात्र आता ओस पडलाय. रात्री तिथे बायका जात नाहीत. एका जागची वर्दळ परत आणताना आम्ही दुसऱ्या जागेची वर्दळ काढून घेतली, आणि त्या जागेचं काय करायचं याचा विचार केला नव्हता. मोठ्या रस्त्यावरच्या रांगेतल्या एका तरुणानं कर्ज काढून ज्यूसचं दुकान थाटलं होतं. ते बंद झालं. त्यानं मला विचारलं नाही, पण विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं?

दुसरं, भाडी. गल्लीत माणसं परतली तशी मालकांनी भाडी वाढवली. भांड्यांना कल्हई करणारा आणि जुना शिंपी, दोघेही गेले. त्यांच्या जागी मोबाइलची कव्हरं आणि सोनं तारण ठेवणारी शाखा. वर्दळ डोळ्यांना पूर्वीइतकी वाटते, कदाचित जास्तच. पण शाखेचं शटर सहाला खाली येतं आणि तेवढा तुकडा संध्याकाळभर काळा राहतो. ऐन गर्दीच्या वेळी.

तिसरं, विक्रेत्या. ‘तात्पुरता निर्गम’ हा शब्द वर्षभर टिकला. मग एका नव्या अधिकाऱ्यानं फाइल वाचली, जागेवर येऊन पाहिलं, आणि हे तर प्रवेशद्वार आहे असं लिहिलं. त्याचं चूक नव्हतं. टेप दाराला लागली. तेव्हापासून गाडी येते, माल उचलते, दंड घेते, आणि चार दिवसांनी सगळं पुन्हा तसंच बसतं. सर्वेक्षण झालं आहे. प्रमाणपत्रं मिळायची आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

मोजणी. पूल पाडायचा ठरला त्या आठवड्यात दोन माणसं दोन संध्याकाळी उभी केली असती तर पुढचा अर्ध्या वर्षाचा वाद वाचला असता. पाडकामाच्या निविदेतच ‘पाडण्यापूर्वीची पादचारी मोजणी’ असं एक कलम टाकावं, असं मी आता प्रत्येक ठिकाणी सुचवते. अजून कुणी टाकलेलं नाही.

दार बंद होताना कुणीतरी विचारायला हवं होतं. पूल धोकादायक होता, दार नव्हतं. पाडकामाचा नकाशा स्थापत्य विभागानं काढला आणि त्यात फलाटाबाहेरची बाजू कोरी होती. रेल्वेच्या नकाशात भिंतीबाहेर काहीच नसतं, पालिकेच्या नकाशात भिंतीच्या आत काहीच नसतं. दोन्ही कागद एकावर एक ठेवण्याचं काम आमच्याकडे आलं तेव्हा भिंत बांधून दोन वर्षं झाली होती.

विक्रेत्यांचा प्रश्न आधी घ्यायला हवा होता, हे मी आता कबूल करते. दार उघडण्याच्या बाजूनं मत देताना मला वाटलं होतं की गल्ली भरलेली दिसली की पालिकेवर आपोआप दडपण येईल आणि समिती बसेल. उलट झालं. गल्ली भरली तशी कारवाईला निमित्त मिळालं. समितीचा ठराव हातात येईपर्यंत, म्हणजे आणखी वर्षभर, दार थांबवलं असतं तर? दुकानदारांपैकी दोघं-तिघं तेवढ्यात बुडाले असते. गटातले माझे एक सहकारी अजूनही म्हणतात की थांबायला हवं होतं. आमचं यावर एकमत झालेलं नाही.

आणि भाड्यांचा विचार नगररचनेच्या कामात कुठे बसतो, हे मला अजून नीट सांगता येत नाही. पटांगणाला लागून पालिकेचे दोन गाळे आहेत. ते लिलावात न काढता कल्हईवाल्यासारख्या धंद्यांना ठरावीक भाड्यानं द्यावेत, अशी टीप मी लिहिली होती. लिलाव झाला. एका गाळ्यात आता झेरॉक्स आणि आधारचं केंद्र आहे, दुसऱ्याला कुलूप.

गेल्या महिन्यात पूर्वेच्या बाजूचा नवा आराखडा माझ्याकडे आला: फलाटांवर डेक, त्यावर खाण्याचे स्टॉल, दोन सरकते जिने. दोन्ही जिने दुचाकींच्या पार्किंगमध्ये उतरतात. पूर्वेची भाजीची रांग तिथून बरीच लांब, शाळेच्या कोपऱ्यावर आहे. मी त्या कोपऱ्यावर पेन्सिलीनं गोल केला आणि नकाशा परत पाठवला. उत्तर आलं की ती जागा रेल्वेच्या हद्दीत येत नाही.